कवसामाय, तिचं मुसळ आणि बसकी गाडी

कवसामायचं नाव आधी लिहितो. काय झालं ते पुढे येईलच. पण मी सांगायला लागलो की टायर, मडगार्ड, स्प्रिंग यांतच अडकून पडतो आणि माणूस राहून जातो, म्हणून नाव आधी. सानगडीच्या कवसामायने माझी नोकरी वाचवली. तिला मोटारीतलं काही कळत नव्हतं. स्टेअरिंगला ती मी तिथून निघेपर्यंत 'चक्का' म्हणायची, आणि गाडीचं तोंड कुठलं नि पाठ कुठली याबद्दलही तिच्या मनात थोडी शंका होती. तरी वाचवली.

मी मूळचा म्हसवडकडचा. नववीत शाळा सुटली आणि पुण्यात गाड्या धुता धुता चालवायला शिकलो. तिथे एका हौशी माणसाची दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार माझ्या ताब्यात असायची. त्याने ती विकली आणि सानगडीच्या एका राईस मिलवाल्याच्या मुलाने घेतली. इतकी बसकी गाडी चालवायची नव्या मालकाला सवय नव्हती, म्हणून त्याने ड्रायव्हरही मागून घेतला. असा मी गाडीबरोबर भंडारा जिल्ह्यात आलो, स्टेपनीसारखा. त्या गाडीत स्टेपनी ठेवायला जागा नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मालकाला गावात सगळे छोटेशेठ म्हणत. वयाने माझ्याएवढाच, मनाने चांगला, पण गाडीच्या बाबतीत हट्टी. आधीच बसकी गाडी त्याने नागपुरात नेऊन आणखी बसवून आणली. वर चाकांच्या मागे स्पेसर नावाच्या जाड चकत्या घालून चाकं बाहेर काढली, पैलवानाने छाती काढावी तशी. गाडी दिसायला लागली फोटोसारखी, आणि लग्नसराईत नवरदेवाला बसवायला तिला साकोलीपासून लाखांदूरपर्यंत मागणी आली. अडचण एकच. मागच्या सीटवर दोन माणसं बसली आणि रस्त्यात खड्डा आला, की मागून 'घस्स' असा आवाज यायचा. मडगार्डची आतली दुमडलेली कड टायरवर घासायची आणि जळक्या रबराचा वास गाडीत पसरायचा. नवरदेव अत्तर लावून बसलेला, आणि मागून हा वास.

नागपूरचा मिस्त्री म्हणाला, गाडी वर उचला, नाहीतर मडगार्ड कापा. छोटेशेठला दोन्ही नको होतं. टायर मात्र एका बाजूने सोलून निघत होते. मला तर झोपेतसुद्धा 'घस्स' ऐकू यायचं. गाडी जिथे थांबेल तिथे मी खाली उतरून मागच्या चाकांवरून हात फिरवायचो, आजारी माणसाचा ताप बघावा तसा.

असाच एकदा हात फिरवत होतो, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "काहून गा, गाय आहे का ते? दूध काढून राहिला का?"

ही कवसामाय. साठीच्या पुढची, अंगाने भरभक्कम, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि एका हाताचं बोट कायम तोंडात. कारण तिला गुडाखू लावायची सवय होती. तंबाखूचा तो काळा लगदा दातांवर घासत ती विचार करायची. तोवर कोणी काही विचारलं तरी नुसतं 'अं, अं'. बोलणं थुंकल्यावर. गावात म्हणत, कवसाबुढीचा निकाल थुंकल्यावर लागते.

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, थुंकली आणि म्हणाली, "हे उभी आहे का बसली आहे?"

"उभी आहे, माय."

"मंग उठली का कशी दिसत असन?"

तिचं घर मिलच्या भिंतीला लागून होतं आणि गावातलं तिचं महत्त्व एका मुसळावर उभं होतं. धावड्याच्या लाकडाचं, काळंभोर, हात फिरून फिरून मधोमध बारीक झालेलं. लग्नाची हळद त्याच मुसळाने कुटायची, अशी सानगडीत आणि आसपास रीत पडली होती, कारण त्या मुसळाने कुटलेल्या हळदीचं लग्न कधी मोडलं नाही म्हणत. आंब्याची पानं नि हळकुंड बांधून ते मुसळ गावोगाव जायचं. आणि त्याच्याबरोबर कवसामाय जायची. मुसळ तिने कधी एकटं दिलं नाही. कोणी म्हणालं, आजी, आम्ही नेतो नि आणून देतो, की तिचं ठरलेलं उत्तर असे, "वस्तू एकटी देऊ नाई. वस्तूसंगं मानूस जाते." मग वस्तूसंगं गेलेल्या माणसाला पहिल्या पंगतीचा मान, पुढची जागा आणि निघताना ओटीत नारळ हे ओघानेच यायचं.

मी गाडीबरोबर आलोय हे तिला कळलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली. "म्हनजे आपला धंदा एकच आहे, पुनेवाल्या."

"मी पुण्याचा नाही, माय. म्हसवडचा. पुण्याहून अजून बरंच लांब."

"हो ना, पुन्याच्या तिकडलाच." नागपूरच्या पलीकडे जे काही होतं ते तिच्या लेखी पुणंच होतं.

तेव्हापासून माझं जेवण पुष्कळदा तिच्याकडे व्हायला लागलं. मी भाकरी मागायचो, ती भात वाढायची. "भाकर आजारी मानसाले," म्हणायची, आणि ताटात भाताचा ढीग. घासण्याचा माझा घोर तिच्या कानी गेल्यावर तिने उपायही सुरू केले. पहिल्यांदा टायरला खोबरेल लावायला सांगितलं. तसं केलं तर गाडी थेट तलावात जाईल, असं मी म्हणालो. तिने बोट तोंडात घातलं, थुंकली, नि म्हणाली, "मंग घासनार तर नाई ना." दुसरा उपाय लिंबू-मिरची. तिने स्वतः वाकून पुढे बांधली. गाडी इतकी खाली, की मिलच्या फाटकातल्या उंबऱ्यावरच लिंबाचा रस झाला. ती जाऊन लिंबाकडे बघून आली. "नजर जबर होती," म्हणाली. उपाय चुकला असं तिने काही मानलं नाही.

मोहाडीचं लग्न आलं त्याच सुमारास. नवरदेव सानगडीचा, मुलगी मोहाडीची. मागे नवरदेव आणि त्याची बहीण करवली म्हणून, पुढे माझ्या शेजारी मांडीवर मुसळ आडवं धरून कवसामाय. या गाडीत बसणं हा तिच्यासाठी एक कार्यक्रमच होता. आधी मुसळ आत, मग एक पाय, मग "धर गा मले", मग बाकीची सगळी ती एकदम. गाडी तिच्या बाजूला कलायची. खिडकी अर्धीच उघडायची, त्यामुळे थुंकता यायचं नाही, आणि भंडाऱ्यापर्यंत ती एक शब्द न बोलता बसली. नवरदेवाला वाटलं, म्हातारी रागावली.

मोहाडीच्या अलीकडे मोठा ब्रेकर आला. नेहमीप्रमाणे मी गाडी थांबवली आणि मागच्यांना म्हणालो, "जरा उतरता का? गाडी हलकी करून पार करतो." नवरदेव बिचारा दार शोधायला लागला. तेवढ्यात कवसामायने तोंडातला सगळा ऐवज गिळला, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि म्हणाली, "हळद लागलेला पोरगा मधातच रस्त्यावर उतरवतो? अक्कल कुठी ठेवली? बस रे तू. पोरी, तू उतर. मीबी उतरते. पुनेवाला एकटा नवरदेव घेऊन जाईन, आमी चालत येतो." आणि त्या दोघी, एक मुसळ घेऊन, एक नवरदेवाची कट्यार घेऊन, ब्रेकर पायी ओलांडून गेल्या. मागून वऱ्हाडाची बस आली. बसमधल्यांना वाटलं, भांडण झालं. सगळे खाली उतरले. समजूत काढायला म्हणून आलेली माणसं गाडी ढकलायला लागली, ज्याची काही गरज नव्हती.

मांडवाच्या दारात तिने आणखी एक केलं. उरलेली ओली हळद वाटीत घेऊन आली आणि माझ्या गाडीच्या टायरांना दोन्ही हातांनी थापायला लागली. मी घाबरलो. लाल रंगावर पिवळा डाग बसला तर छोटेशेठ मला सोडणार नव्हता.

"माय, काय करून राहिली?" मीही तोवर तिच्यासारखं बोलायला लागलो होतो.

"नवरदेवाच्या घोडीले लावत होते. मंग हिले काहून नाई लावाची? हेबी नवरदेवालेच घेऊन आली ना?"

परत येताना गाडी पाच-सहा ठिकाणी तरी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलच्या आवारात पाइप घेऊन हळद धुवायला बसलो, आणि हात थांबला. रस्त्याला टेकतो तो भाग सोडला, तर टायरवर सगळीकडे हळद तशीच वाळून बसली होती. फक्त बाहेरच्या अंगाला एक बोटभर पट्टा स्वच्छ पुसला गेला होता. ती हळद गेली कुठे म्हणून मडगार्डच्या आत बोट फिरवलं, तर आतल्या कडेवर वितभर जागा पिवळीधमक. बाकी कड कोरडी. म्हणजे सगळं मडगार्ड घासत नव्हतंच. घासत होती ती एवढीच वितभर कड, चाकाच्या बरोबर डोक्यावरची. इतके दिवस मी टायर बघत होतो. कड कधी पाहिलीच नव्हती.

कवसामाय भिंतीपलीकडून बघत होती. मी तिला बोलावून दाखवलं. ती वाकली, बघितलं, बोट तोंडात. मी वाट बघत राहिलो. थुंकली.

"बांगडी तंग झाली," ती म्हणाली. "बांगडी तंग झाली तर हात कापते का कोनी?"

मला पुण्यातलं आठवलं. तिकडच्या गॅरेजात ही आतली कड रोलर लावून वर दुमडून सपाट करत. कापायचं नाही, गाडी उचलायची नाही, बाहेरून काही दिसायचं नाही. पण तो रोलर सानगडीत कुठून आणायचा? मी म्हणालो, "माय, त्याला एक लाटण्यासारखं यंत्र लागतं. टायर आणि कड यांच्या मधे घालून फिरवायचं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जसा मी तिचा काहीतरी अपमानच केलाय. "लाटनं? मांह्या घरी मुसळ असताना?"

त्याच दिवशी छोटेशेठ आला. नवे टायर त्याने नुकतेच घालून दिले होते आणि मोहाडीच्या फेरीत एका टायरची कड सोललेली त्याला दिसली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "परवा दिघोरीचं लग्न आहे. हा टायर तिथून असाच परत आला पाह्यजे. नाई आला तर तू गावाला जा, मी दुसरा ड्रायव्हर पाहतो. आन गाडी वर उचलाची नाई." माझ्या गावाकडे तेव्हा टँकरच्या रांगेत उभं राहण्यापलीकडे मला काही काम नव्हतं, आणि घरी माझ्या पगारावर चूल होती. त्या दिवशी मी कवसामायच्या भाताला हात लावला नाही.

"उद्या दुपारी," ती म्हणाली. "ऊन चढू दे. उन्हानं लोखंडबी नरमते."

लोखंड नरमतं की नाही ते सोडा, पण रंग गरम असला की तडकत नाही, एवढं मला माहीत होतं. आणि सानगडीचं वैशाखातलं ऊन हे कुठल्याही यंत्रापेक्षा वरचढ. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी आवारात लावली तेव्हा मडगार्डवर हात ठेववत नव्हता. कवसामाय मुसळ घेऊन आली आणि मागून तिच्या हळद कुटणाऱ्या सगळ्या बाया.

"यांना कशाला?"

"मुसळ आहे म्हनजे बाया पाह्यजेत."

मी जॅक लावून मागचा भाग उचलला, मुसळाची मधली बारीक जागा टायर आणि कडेच्या फटीत बसवली आणि जॅक हळूहळू सोडला. गाडी मुसळावर टेकली, पण पुरेशी दबली नाही. "वजन पाह्यजे का?" म्हणत कवसामाय मागच्या सीटवर चढली. गाडी कुरकुरली नि नीट बसली. मी मुसळाचं टोक धरून खाली वाकलो आणि बायांना म्हणालो, हळू ढकला, अगदी हळू, एकसारखं. पहिल्यांदा त्यांनी गाडी अशी ढकलली, की मी मुसळासकट भिंतीपाशी पोचलो.

"तसं नाई गा ते," आतून हुकूम आला. "कुटाचं गानं धरा. गान्यावर ढकला."

मग त्यांनी हळद कुटताना म्हणतात ते गाणं धरलं. मुसळ उचलायच्या जागी गाडी पुढे, मुसळ पडायच्या जागी गाडी मागे. इतकी सावकाश, इतकी एकसारखी ती गाडी कुठल्याही इंजिनाने चालली नसती. माझ्या डोळ्यांसमोर मुसळ टायरवरून फिरत होतं आणि वितभर कड वर वळत होती, पोळीची कड दुमडावी तशी. रंगाला चीर नाही, काही नाही. एक बाजू झाली. दुसरी बाजू धरली. कड वळत आली होती, आणि 'कट्ट' असा आवाज झाला.

गाणं थांबलं. मी मडगार्डवर हात फिरवला. रंग शाबूत. पत्रा शाबूत. मग मुसळाकडे पाहिलं. मधल्या बारीक जागेपासून टोकापर्यंत ते उभं उकललं होतं.

मला वर बघवेना. दिघोरीच्या नवरदेवाची हळद त्याच संध्याकाळी त्याच मुसळाने कुटायची होती. मुसळ फुटलं हे गावात पसरलं असतं, तर पुढे कोणी त्याला बोलावलं नसतं. आणि मुसळाला नाही बोलावलं, तर तिलाही नाही. कवसामाय खिडकीतून बघत होती. तोंडात बोट नव्हतं, म्हणजे विचार करायचा नव्हता. उन्हासाठी डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तिने उघड्या दारातून खाली टाकलं. "झाक. आन ढकला वो बायांनो, राहिलं आहे थोडं."

त्याच वेळी फाटकातून छोटेशेठ आला. त्याची लाडकी गाडी, भोवती बाया, खाली मी, आत म्हातारी राणीसारखी बसलेली. त्याचं तोंड उघडलं. ते बंद व्हायच्या आत कवसामाय म्हणाली, "तुह्या लग्नाची हळद कोनत्या मुसळानं कुटली?"

"याच, पण बुढी, हे काय..."

"मंग बस आत. वजन कमी पडून राहिलं."

आणि तो बसला. मला अजून कळलेलं नाही तो का बसला. बाया पुन्हा गायल्या आणि राहिलेली कड वळली. मग मी मुसळ काढून त्या फडक्यात गुंडाळलं, त्या दोघांना तसंच मागे बसवून तलावाच्या पाळीवरून गाडी घेऊन गेलो. तिथला रस्ता सगळा खड्ड्यांचा. पहिल्या खड्ड्याला मी डोळे मिटले. गाडी चालवताना मिटू नयेत, तरी मिटले. आवाज आला नाही. दुसऱ्यालाही नाही. मागून फक्त कवसामाय म्हणाली, "चूप बसली पाय." तिकडे 'पाहा'ला 'पाय' म्हणतात.

परत आल्यावर तिने छोटेशेठला उतरू दिलं नाही, कारण आधी ती उतरणार होती आणि तिच्या उतरण्याला वेळ लागणार होता. तेवढ्या वेळात तिने चाकांकडे बोट दाखवून म्हटलं, "हे पोट बाहेर काढून चालते ते काहून? थोडं आत घे ना." ज्या चकत्या मी कधी काढायला सांगू शकलो नसतो, त्या संध्याकाळपर्यंत निघाल्या. बसक्या गाडीची चाकं वरून आत कलतात, त्याने टायरची आतली बाजू झिजते. त्यासाठी भंडाऱ्याला अलाइनमेंट करून घ्यायची परवानगीही तेव्हाच मिळाली. दिघोरीहून टायर जसाच्या तसा परत आला. छोटेशेठने बोटाने तपासला आणि मला म्हणाला, "म्या म्हटलंच होतं, गाडी खाली ठेवूनबी होते."

आणि मुसळ? त्याच दुपारी ती लोहाराकडे गेली. संध्याकाळी हळद कुटायला बसली तेव्हा मुसळाच्या मध्यावर लोखंडाच्या दोन चकचकीत पट्ट्या होत्या. बाया विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "दागिना केला मुसळाले. आता म्हातारं झालं, कमरपट्टा नको का?" ज्या बायांनी 'कट्ट' ऐकलं होतं, त्यांनीही मान डोलावली. पण कुटताना पट्टीमुळे तिच्या हाताला जागोजागी घट्टे पडले आणि पुढे ती हात बदलून बदलून कुटायची. त्याबद्दल मला एका शब्दाने कधी बोलली नाही. उलट माझ्या ताटात भात वाढतच गेला.

पुढच्या लग्नसराईच्या सुरुवातीलाच छोटेशेठचा जीव दुसऱ्या गाडीवर गेला. ही लाल गाडी सुरतेकडच्या एकाने घेतली आणि तिच्याबरोबर मला. निघायच्या दिवशी कवसामाय फाट्यावर उभी होती. नटलेली, हातात आंब्याची पानं बांधलेलं मुसळ. साकोलीला कुणाचं तरी लग्न होतं. "जाऊनच राहिला तर मले सोडून दे," म्हणाली, जणू ती गाठ योगायोगानेच पडली होती.

मी दार उघडलं. आधी मुसळ, मग एक पाय, "धर गा मले", मग सगळी ती. साकोलीपर्यंत ती बोलली नाही. मला वाटलं, तोंडात गुडाखू आहे. उतरवताना पाहिलं तर तोंड रिकामं होतं.

"सुरत म्हनजे कुठी?" तिने विचारलं.

"लांब आहे, माय."

"पुन्याच्या तिकडं?"

"हो. तिकडंच."

तिने चाकाकडे पाहिलं, माझ्यासारखाच हात फिरवला. "गाडीसंगं मानूस जातेच," म्हणाली, आणि मुसळ खांद्यावर टाकून मांडवाच्या दिशेने चालायला लागली. पट्ट्या उन्हात चमकत होत्या. आरशात मी त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो, आणि मागे एक ट्रक भोंगा वाजवत होता.

इथे सुरतेकडे गाडी घासत नाही. कधी खड्ड्यात आवाज आला नाही की मला मागच्या सीटवरून तीच 'चूप बसली पाय' म्हणताना ऐकू येते. इथे एक सुतार आहे, त्याला मी चांगल्या जुन्या लाकडाचं सांगून ठेवलंय. मधोमध आत्तापासूनच बारीक हवं, हेही सांगितलंय. तयार झालं की पार्सलने धाडता येईल, असं तो म्हणतो. मी नाही म्हणालो. माय, तुझं मुसळ मी घेऊन येईन. वस्तू एकटी येणार नाही.